एस्पेरान्तोतील नाम आणि द्वितीयेचा ‘-न’: पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकांचे निदान आणि दुरुस्ती

एस्पेरान्तो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेतील नामाचे सगळे व्याकरण चार ओळींत मावते, आणि तरीही त्यातला एक प्रत्यय शिकणाऱ्याला दीर्घकाळ त्रास देत राहतो. प्रत्येक नामाच्या शेवटी ‘-ओ’ येतो, अनेकवचन करताना त्यापुढे ‘-य’ लागतो आणि द्वितीया करताना सर्वांत शेवटी ‘-न’ लागतो. म्हणून ‘हुन्दो’ म्हणजे कुत्रा, ‘हुन्दोय’ म्हणजे कुत्रे, ‘हुन्दोन’ हे एकवचनी कर्म आणि ‘हुन्दोय्न’ हे अनेकवचनी कर्म. नामाला व्याकरणिक लिंग नाही, सामान्यरूप नाही, अपवादांची यादी नाही. असे असूनही पुष्कळ सराव झालेल्या मराठी भाषकाच्या लेखनातही ‘-न’ एका वाक्यात राहून जातो, दुसऱ्या वाक्यात नको तेथे लागतो आणि तिसऱ्यात त्याच्या जागी ‘कडे’ या अर्थाचे ‘आल’ हे अव्यय येते. चूक दाखवली की ती लगेच पटते, पण पुढच्या परिच्छेदात पुन्हा होते.

अशी पुन्हा पुन्हा येणारी चूक विस्मरणाची नसते. मराठीत कर्म ओळखण्याच्या आणि त्याला प्रत्यय लावण्याच्या ज्या सवयी आपल्या मनात खोलवर रुजलेल्या आहेत, त्या एस्पेरान्तोच्या नियमाशी काही ठिकाणी जुळतात आणि काही ठिकाणी अगदी उलट्या पडतात. त्यामुळे नियम आणखी एकदा पाठ करून उपयोग होत नाही. कोणती सवय कोणत्या ठिकाणी आड येते, हे ओळखावे लागते. हा लेख त्यासाठी आहे. एस्पेरान्तोचे शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. शेवटचा ‘न’ आणि ‘य’ हे स्वराशिवाय, म्हणजे ‘न्’ आणि ‘य्’ असे उच्चारावेत.

हा प्रत्यय सोडून दिला तर काय बिघडते?

अनेकांना असे वाटते की शब्दक्रम नीट ठेवला तर ‘-न’ नसला तरी अर्थ कळेल. साध्या वाक्यात तो कळतोही. परंतु १८८७ साली वॉर्सा येथे ही भाषा प्रसिद्ध करताना तिचे निर्माते झामेनहोफ यांनी शब्दक्रम मोकळा ठेवण्याचे ठरवले होते आणि त्या मोकळेपणाचा सगळा भार या एका प्रत्ययावर आहे. ‘ला क्नाबो विदास ला हुन्दोन’ आणि ‘ला हुन्दोन विदास ला क्नाबो’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ ‘मुलगा कुत्र्याला पाहतो’ असाच होतो. फरक फक्त कशावर जोर आहे इतकाच. दुसऱ्या वाक्यातला ‘-न’ गळला की कुत्रा मुलाला पाहू लागतो, कारण कोणत्याच नामाला ‘-न’ नसलेले ते अशुद्ध वाक्य वाचणारा शब्दक्रमावरूनच लावतो.

कृत्रिम भाषांच्या इतिहासात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. एस्पेरान्तोच्या थोडी आधी आलेल्या वोलाप्युक भाषेत नामाला चार विभक्ती होत्या; ‘वोल’ म्हणजे जग, आणि त्याची पुढची तीन रूपे ‘वोला’, ‘वोले’ आणि ‘वोलि’. एस्पेरान्तोने त्या दोनवर आणल्या. १९०७ साली एस्पेरान्तोत सुधारणा म्हणून पुढे आलेल्या इदो भाषेने द्वितीयेचा प्रत्यय, कर्म कर्त्याच्या आधी आले तरच, आवश्यक मानला. इदोची तडजोड वरवर सोयीची दिसते, पण तिच्यात बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात आधी क्रम तपासावा लागतो आणि मग प्रत्यय ठरवावा लागतो. एस्पेरान्तोचा नेहमी सारखा राहणारा नियम माझ्या मते अधिक सोपा आहे. फक्त तो स्वतःच्या भाषेच्या चष्म्यातून पाहणे थांबवले पाहिजे.

पहिली अडचण: निर्जीव कर्माचा ‘-न’ राहून जातो

ही सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. मराठीत ‘मी पुस्तक वाचतो’ या वाक्यातल्या कर्माला प्रत्यय नाही, पण ‘मी मुलाला पाहतो’ यातल्या कर्माला ‘-ला’ आहे. मराठी साधारणपणे कर्म सजीव आहे की निर्जीव, ते निश्चित आहे की अनिश्चित, हे पाहून प्रत्यय लावते. एस्पेरान्तो यातले काहीही पाहत नाही. तिथे क्रियेचा थेट परिणाम ज्याच्यावर होतो, ते माणूस असो, दगड असो की कल्पना असो, ‘-न’ घेते. म्हणून ‘मी लेगास लिब्रो’ हे चूक आणि ‘मी लेगास लिब्रोन’ हे बरोबर.

मनातल्या मनात ‘येथे मराठीत -ला येतो का?’ असे विचारून ‘-न’ लावणाऱ्याचे निम्मे काम बरोबर होते आणि निम्मे चुकते, आणि ही अर्धवट यशस्वी होणारी कसोटीच चुकीची सवय टिकवून ठेवते. तिच्याऐवजी क्रियापदालाच ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारावा. काय वाचतो? पुस्तक. काय लिहितो? पत्र. कोणाला पाहतो? मुलाला. तिन्ही उत्तरांना एस्पेरान्तोत ‘-न’ लागेल, मग मराठीतल्या उत्तराला प्रत्यय असो वा नसो.

भूतकाळात ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते, आणि तिचे मूळ आपल्या प्रयोगपद्धतीत आहे. ‘मुलगा पत्र लिहितो’ हा कर्तरी प्रयोग. ‘मुलाने पत्र लिहिले’, ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ हा कर्मणी प्रयोग. आणि ‘मुलाने कुत्र्याला पाहिले’ हा भावे प्रयोग. कर्मणी प्रयोगात कर्त्याला ‘-ने’ लागतो, क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कर्म प्रथमेत, म्हणजे एखाद्या कर्त्यासारखे, उभे राहते. मराठी भाषकाच्या कानाला त्या वाक्यात ‘पत्र’ हाच शब्द मुख्य वाटतो. मुख्य शब्दाला प्रत्यय लावण्याचे त्याच्या मनात येत नाही, आणि ‘ला क्नाबो स्क्रिबिस लेतेरो’ असे अपुरे वाक्य तयार होते. एस्पेरान्तोत काळ बदलल्याने कर्ता आणि कर्म यांच्या रूपांत काहीच बदल होत नाही: ‘ला क्नाबो स्क्रिबास लेतेरोन’, ‘ला क्नाबो स्क्रिबिस लेतेरोन’, ‘ला क्नाबो स्क्रिबोस लेतेरोन’. भूतकाळी वाक्य लिहिताना अडखळायला झाले, तर तेच वाक्य आधी मनात वर्तमानकाळात करावे, कर्म निश्चित करावे आणि मग फक्त क्रियापदाचा ‘-आस’ काढून ‘-इस’ घालावा. नामांना हात लावू नये.

खऱ्या कर्मणी रचनेत मात्र, म्हणजे ‘ला लेतेरो एस्तास स्क्रिबाता दे ला क्नाबो’ अशा वाक्यात, ‘लेतेरो’ हाच व्याकरणिक कर्ता असल्यामुळे ‘-न’ कोठेच येत नाही.

दुसरी अडचण: ‘-ला’ पाहून ‘आल’ लिहिले जाते

मराठीच्या परंपरागत व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच दिलेले आहेत. अर्थावरूनच त्या वेगळ्या ओळखायच्या. ‘मी मुलाला पाहतो’ यात मुलगा कर्म आहे आणि ‘मी मुलाला पुस्तक देतो’ यात तो घेणारा, म्हणजे संप्रदान आहे. एस्पेरान्तो या दोन भूमिका काटेकोरपणे वेगळ्या ठेवते. कर्माला ‘-न’ आणि घेणाऱ्याच्या आधी ‘आल’ हे अव्यय: ‘मी विदास ला क्नाबोन’, पण ‘मी दोनास ला लिब्रोन आल ला क्नाबो’. ‘मी विदास आल ला क्नाबो’ हे वाक्य चूकच आहे, आणि ‘आल ला क्नाबोन’ ही रचना कोणत्याही अर्थाने शुद्ध होत नाही.

येथे एक कसोटी नेहमी कामी येते. एका क्रियापदाला थेट कर्म एकच असते. वाक्यात दोन उमेदवार दिसत असतील, तर जे वस्तुतः दिले, सांगितले, दाखवले किंवा पाठवले जाते ते कर्म, आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचते तो ‘आल’चा धनी. काही थोड्या क्रियापदांना, उदाहरणार्थ ‘मदत करणे’ या अर्थाच्या ‘हेल्पि’ला, ‘-न’ आणि ‘आल’ या दोन्ही रचना चालतात, त्यामुळे तिथे कोणतीही वापरली तरी चूक नाही.

याहून अवघड आहेत ती ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये. ‘मला ताप आहे’, ‘मला वेळ नाही’, ‘मला पुस्तक हवे आहे’, ‘मला मुलगा दिसतो’ या सगळ्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत आहे आणि जे अनुभवले जाते ते प्रथमेत आहे. एस्पेरान्तोत यांपैकी बहुतेक वाक्ये उलट बाजूने बांधली जातात: ‘मी हावास फेब्रोन’, ‘मी ने हावास तेम्पोन’, ‘मी बेझोनास लिब्रोन’, ‘मी विदास ला क्नाबोन’. अनुभव घेणारा कर्ता होतो आणि अनुभवाचा विषय कर्म होतो. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा ‘मला मुलगा दिसतो’चे ‘मिन विदास ला क्नाबो’ करतो, आणि या वाक्याचा अर्थ ‘मुलगा मला पाहतो’ असा होतो. रूपे शुद्ध, आशय पूर्ण उलटा. एवढी धोक्याची दुसरी जागा या विषयात नाही, म्हणून ‘मला’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी थांबून ‘पाहणारा कोण, बाळगणारा कोण?’ हे विचारावे.

‘आवडणे’ या क्रियापदाला मात्र एस्पेरान्तोत दोन वाटा आहेत. ‘ला लिब्रो प्लाचास आल मी’ ही मराठीच्या बांधणीची वाट, तिच्यात ‘-न’ नाही. आणि ‘मी शातास ला लिब्रोन’ ही दुसरी, तिच्यात ‘-न’ आहे. दोन्ही बरोबर आहेत. दोन्हींची सरमिसळ करून ‘ला लिब्रोन प्लाचास आल मी’ लिहिणे चूक आहे, आणि ती चूक साहजिक असल्यामुळेच वारंवार दिसते.

तिसरी अडचण: क्रियापदानंतरच्या प्रत्येक नामाला ‘-न’ लागतो

पहिल्या दोन चुका सुधारण्याच्या प्रयत्नात ही तिसरी जन्माला येते. कर्म बहुधा क्रियापदानंतर येते असे उदाहरणांत पाहिल्यावर अभ्यासक नकळत ‘क्रियापदानंतर -न’ असा नियम स्वतःसाठी तयार करतो. तो नियम एस्पेरान्तोत नाहीच. ‘असणे’, ‘होणे’, ‘राहणे’, ‘येणे’, ‘घडणे’ अशी क्रियापदे कोणावर परिणाम करत नाहीत. त्यांच्या पुढे येणारे नाम एक तर कर्ताच असतो किंवा कर्त्याविषयीचे विधान पुरे करणारे पूरक असते.

‘मी एस्तास इन्स्त्रुइस्तो’ म्हणजे ‘मी शिक्षक आहे’. शिक्षक आणि मी या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, म्हणून ‘-न’ नाही. ‘सुर ला ताब्लो कुशास लिब्रो’ म्हणजे ‘टेबलावर पुस्तक पडले आहे’. पडणारे पुस्तकच आहे, म्हणून ‘-न’ नाही. ‘वेनिस ला गास्तोय’ म्हणजे ‘पाहुणे आले’, ‘मान्कास आल मी तेम्पो’ म्हणजे ‘मला वेळ कमी पडतो’. दोन्ही ठिकाणी क्रियापदानंतर आलेला कर्ताच आहे. क्रियापदाच्या धातूला ‘-इज’ हा प्रत्यय जोडला की क्रिया अकर्मक होते, हेही येथेच लक्षात ठेवावे: ‘मी माल्फेर्मिस ला पोर्दोन’ म्हणजे ‘मी दार उघडले’, पण ‘माल्फेर्मिजिस ला पोर्दो’ म्हणजे ‘दार उघडले गेले, उघडले’. मराठीत ‘उघडणे’ हे एकच क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही, त्यामुळे हा भेद डोळ्यांआड होतो.

पूरकाची एक अधिक सूक्ष्म जागा आहे. ‘मी त्रोविस ला इन्तेरेसान लिब्रोन’ म्हणजे ‘मला ते मनोरंजक पुस्तक सापडले’. ‘मी त्रोविस ला लिब्रोन इन्तेरेसा’ म्हणजे ‘मला ते पुस्तक मनोरंजक वाटले’. विशेषणाला ‘-न’ असला की ते नामाचा भाग असते, आणि नसला की ते नामाविषयी स्वतंत्र विधान करते. संशय आला तर नाम आणि त्याला चिकटलेले सर्व काही काढून तिथे ‘जिन’, म्हणजे ‘ते’ या अर्थाचे कर्मरूप ठेवून पाहावे. ‘मी त्रोविस जिन’ इतक्यात पहिल्या वाक्याचा अर्थ पुरा होतो, कारण ‘मनोरंजक’ हा शब्द ‘ते’मध्येच सामावला गेला. दुसऱ्यात ‘मी त्रोविस जिन इन्तेरेसा’ असे म्हणावेच लागते. जे ‘जिन’च्या बाहेर उरते, त्याला ‘-न’ नाही. ही कसोटी मराठी वाक्यावरही तशीच चालते, म्हणून ती पटकन अंगवळणी पडते.

चौथी अडचण: ‘खोलीत’ म्हणजे नेमके कोठे?

एस्पेरान्तोच्या व्याकरणाच्या मूळ सोळा नियमांपैकी आठवा सांगतो की सर्व शब्दयोगी अव्ययांनंतर नाम प्रथमेत येते, आणि तेरावा सांगतो की दिशा दाखवायची असेल तर द्वितीयेचा प्रत्यय लावावा. दोन्ही एकत्र वाचले की गोंधळ होतो, आणि तो मराठी भाषकाला इतरांपेक्षा अधिक होतो, कारण मराठीतील ‘-त’ आणि ‘-वर’ हे दोन्ही स्थानही दाखवतात आणि दिशाही. ‘तो खोलीत आहे’ आणि ‘तो खोलीत गेला’ यांत ‘खोलीत’ एकच. ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर ठेव’ यांत ‘टेबलावर’ एकच. आपल्याकडे हा भेद क्रियापदावर सोपवलेला आहे. एस्पेरान्तोत तो नामाच्या शेवटी दाखवला जातो.

झामेनहोफ यांनी सरावपाठांत दिलेले पक्ष्याचे उदाहरण यासाठी अजूनही सर्वांत स्पष्ट आहे. ‘ला बिर्दो फ्लुगास एन ला चाम्ब्रो’ म्हणजे पक्षी खोलीच्या आतच आहे आणि तिथे उडतो आहे. ‘ला बिर्दो फ्लुगास एन ला चाम्ब्रोन’ म्हणजे तो बाहेर होता आणि उडत खोलीत शिरतो आहे. क्रियापद, अव्यय, शब्दक्रम सारे सारखे. फरक एका अक्षराचा.

कसोटी अशी: क्रिया सुरू होताना ती वस्तू किंवा व्यक्ती त्या जागी होती का? होती, तर ‘-न’ नाही. नव्हती आणि क्रियेमुळे तिथे पोहोचली, तर ‘-न’ लावावा. यामुळेच ‘मी मेतिस ला लिब्रोन सुर ला ताब्लोन’ या वाक्यात दोन ‘-न’ येतात, आणि एका क्रियापदाला एकच कर्म या आधीच्या कसोटीला त्याने बाधा येत नाही. पहिला ‘-न’ कर्माचा आहे, दुसरा दिशेचा. ‘पत्राचे एस्पेरान्तोत भाषांतर केले’ अशा, प्रत्यक्ष हालचाल नसलेल्या वाक्यातही एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे अभिप्रेत असते, म्हणून ‘त्रादुकिस ला लेतेरोन एन एस्पेरान्तोन’. स्थलवाचक क्रियाविशेषणांनाही हाच न्याय लागू आहे: ‘तू कुठे आहेस?’ यात ‘किए’, आणि ‘तू कुठे जातोस?’ यात ‘किएन’. ‘घरी आहे’ यात ‘हेय्मे’, आणि ‘घरी जातो’ यात ‘हेय्मेन’.

ज्या अव्ययांच्या अर्थातच दिशा आहे, त्यांना हा प्रत्यय लागत नाही. ‘आल’ म्हणजे ‘कडे’, ‘जिस’ म्हणजे ‘पर्यंत’, ‘दे’ म्हणजे ‘पासून’, ‘एल’ म्हणजे ‘मधून बाहेर’. यांनंतर नेहमी प्रथमाच. ‘साठी’ या अर्थाचे ‘पोर’ किंवा ‘सोबत’ या अर्थाचे ‘कुन’ यांचा तर जागेशी संबंधच नाही, त्यामुळे ‘पोर ला क्नाबोन’ अशी रचना दिसली की तिला लगेच दुरुस्त करावे.

पाचवी अडचण: कर्म नाही, दिशा नाही, तरी ‘-न’ दिसतो

वाचताना अभ्यासकाला कधीकधी अशी वाक्ये भेटतात की आतापर्यंत शिकलेले सारे खोटे वाटू लागते. ‘लि दोर्मिस ओक होरोय्न’, म्हणजे ‘तो आठ तास झोपला’. झोपणे अकर्मक आहे, मग तासांना ‘-न’ का? ‘ला ताब्लो एस्तास दु मेत्रोय्न लोन्गा’, म्हणजे ‘टेबल दोन मीटर लांब आहे’. येथे तर क्रियापद ‘एस्तास’ आहे. याचे उत्तर चौदाव्या नियमात आहे. कोणते अव्यय वापरावे हे अर्थावरून ठरत नसेल, तर ‘ये’ हे सर्वसाधारण अव्यय वापरावे किंवा अव्यय न वापरता द्वितीया करावी, अशी मुभा तो देतो. कालावधी, मोजमाप आणि तारीख यांच्याबाबत ही द्वितीयाच रूढ झाली आहे. ‘रविवारी’ या अर्थी ‘दिमान्चोन’ म्हणतात, आणि ज्या दिवशी या भाषेचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले तो २६ जुलै हा दिवस सांगताना ‘ला दुदेक-सेसान दे युलिओ’ असे म्हणतात.

मात्र अव्यय प्रत्यक्ष आले की मुभा संपते: ‘ओक होरोय्न’ किंवा ‘दुम ओक होरोय’, पण ‘दुम ओक होरोय्न’ नव्हे. ‘सालुतोन’, ‘दान्कोन’, ‘बोनान तागोन’ हे अभिवादनाचे आणि आभाराचे शब्द पहिल्याच धड्यात ‘-न’सह भेटतात, त्यांमागे ‘मी देतो’ किंवा ‘मी इच्छितो’ असे क्रियापद अध्याहृत आहे, म्हणजे ती साधी कर्मेच आहेत.

याउलट, कर्म असूनही ‘-न’ न दिसणारी वाक्येही आहेत. ‘मी त्रिन्कास मुल्ते दा आक्वो’ म्हणजे ‘मी पुष्कळ पाणी पितो’. ‘मुल्ते’ला विभक्ती नाही आणि ‘दा’ हे अव्यय असल्याने ‘आक्वो’ प्रथमेत आहे. मोजमापाचा शब्द नाम असेल तर मात्र तोच ‘-न’ घेतो: ‘ग्लासोन दा आक्वो’. ‘मी लेगिस उनु एल ला लिब्रोय’, म्हणजे ‘मी त्या पुस्तकांपैकी एक वाचले’, यातही ‘उनु’ ही संख्या अविकारी आहे आणि ‘एल’नंतर प्रथमा येते. अशा वाक्यात कोठे तरी ‘-न’ असलाच पाहिजे या आग्रहाने तो जबरदस्तीने बसवू नये.

सहावी अडचण: साखळीतला एखादा दुवा सुटतो

‘-न’ केवळ नामाला लागत नाही. त्या नामाच्या विशेषणांना, स्वामित्वदर्शक शब्दांना आणि ‘तो’, ‘हा’ अशा दर्शक शब्दांनाही लागतो. ‘माझी ती तीन नवी पुस्तके वाचली’ या अर्थी ‘लेगिस तिउय्न त्रि मियाय्न नोवाय्न लिब्रोय्न’ असे म्हणावे लागते. यातला ‘त्रि’ हा आकडा तेवढा बदलत नाही. ‘ला’ हे उपपदही कधीच बदलत नाही. आधी वचनाचा ‘-य’ आणि मग विभक्तीचा ‘-न’ हा क्रम पक्का आहे.

जोडवाक्यात संबंधी सर्वनामाची विभक्ती मुख्य वाक्यावरून ठरत नाही; ती त्याच्या स्वतःच्या उपवाक्यावरून ठरते. ‘मी विदिस ला क्नाबोन, किउ लेगास लिब्रोन’ यात ‘किउ’ वाचणारा आहे, म्हणून प्रत्यय नाही, जरी तो ज्याच्याविषयी आहे तो मुलगा मुख्य वाक्यात कर्म असला तरी. ‘ला क्नाबो, किउन मी विदिस, लेगास लिब्रोन’ यात नेमके उलट आहे. मराठीतल्या ‘जो मुलगा’ आणि ‘ज्या मुलाला’ या जोडीशी हे चांगले जुळते, पण निर्जीव नामाच्या बाबतीत मराठी ‘जे पुस्तक मी वाचतो’ असे म्हणून पुन्हा गोंधळात टाकते. तिथे ‘ला लिब्रो, किउन मी लेगास’ असा प्रत्यय हवाच.

तुलनेच्या वाक्यांत तर हा प्रत्यय असा भेद दाखवतो, जो मराठीला वेगळे शब्द घातल्याशिवाय दाखवता येत नाही. ‘मी तुला त्याच्यापेक्षा चांगले ओळखतो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: तो तुला जितके ओळखतो त्याहून, किंवा मी त्याला जितके ओळखतो त्याहून. एस्पेरान्तोत पहिल्या अर्थी ‘मी कोनास विन प्लि बोने ओल लि’ आणि दुसऱ्या अर्थी ‘मी कोनास विन प्लि बोने ओल लिन’. ‘किएल’, म्हणजे ‘जसा’, याच्या बाबतीतही तसेच: ‘लि त्राक्तास मिन किएल फ्रातो’ यात वागवणारा भावासारखा आहे, ‘किएल फ्रातोन’ यात मला भावासारखे वागवले जात आहे. ‘ओल’ आणि ‘किएल’ यांना अव्ययांच्या यादीत टाकून त्यांच्यापुढे डोळे मिटून प्रथमा लिहिणे म्हणूनच योग्य नाही; मागे कोणते क्रियापद गृहीत आहे ते पुरे करून पाहावे.

लिहून झाल्यावरची तपासणी

लिहिताना प्रत्येक शब्दाशी थांबून नियम आठवल्याने लेखन खुंटते, म्हणून तपासणी वेगळी करावी असे माझे मत आहे. मजकूर पुरा झाल्यावर नामांकडे न पाहता एकामागून एक क्रियापदे शोधावीत, कारण ‘-न’ हवा की नको हे बहुतेक वेळा क्रियापदच ठरवते. क्रियापद सकर्मक असेल तर त्याचे कर्म कोणते ते बोट ठेवून निश्चित करावे आणि त्या नामाची सगळी साखळी पाहावी. अकर्मक असेल तर जवळच्या नामाला ‘-न’ असण्याचे दिशा, काळ किंवा माप यांपैकी एखादे कारण आहे का ते पाहावे, आणि कारण सापडले नाही तर प्रत्यय काढावा. त्यानंतर दुसऱ्या वाचनात फक्त अव्यये पाहावीत: पुढे ‘-न’ असेल तर दिशा सांगता आली पाहिजे. ही दोन वाचने एकत्र करू नयेत. एकाच वेळी दोन्ही पाहू लागले की नजर पुन्हा मराठी वाक्याकडे वळते आणि ‘-ला’ शोधू लागते.

विशेषनामांचा प्रश्न शेवटी उरतो. एस्पेरान्तोच्या घडणीत आलेले नाव, म्हणजे ‘-ओ’ने संपणारे ‘पेत्रो’सारखे नाव, इतर नामांप्रमाणेच ‘पेत्रोन’ होते. मूळ भाषेतल्या रूपातच ठेवलेल्या परक्या नावाला मात्र प्रत्यय न लावण्याची मोकळीक आहे. ती घेताना वाक्यातला कर्ता स्पष्ट ओळखू येईल असा शब्दक्रम ठेवावा, किंवा नावाच्या आधी ‘मित्र’, ‘शहर’ असे एखादे सामान्यनाम घालून त्यालाच ‘-न’ लावावा.